माऊसबंदी

उरवड्याच्या आमच्या कारखान्यात नवे मॅनेजर रुजू झाले, त्या सकाळी त्यांनी पहिलं काम केलं ते असं: आपल्या टेबलावरचा माऊस वायरसकट चिमटीत धरून उचलला आणि प्यूनच्या हातात दिला. "ये मेरे को लगता नहीं," म्हणाले. प्यून उरवड्याचाच, साहेब लातूरकडचे, दोघांच्याही घरी मराठी. पण साहेब हिंजवडीतून आलेले, आणि हिंजवडीत काही वर्षं काढली की माणसाला प्यूनशी हिंदीतच बोलावंसं वाटतं. प्यूनही "जी सर" म्हणाला, माऊस घेऊन माझ्याकडे आला आणि हळूच विचारलं, "ताई, बिगडलाय व्हय ह्यो?"

बिघडला नव्हता. साहेबांच्या मते माऊस वापरणं हे अडाण्याचं लक्षण होतं, एवढंच.

मी या कारखान्यात डिस्पॅच बघते. आम्ही पत्र्याचे बारीकसारीक भाग करतो. गाडीच्या सीटखाली, दाराच्या आत कुठेतरी असतात, कुणाला कधी दिसत नाहीत. आमचं ऑफिस प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशिनांच्या शेडला लागूनच आहे. मध्ये एक भिंत. पलीकडे प्रेस पडला की इकडे फरशी हलते, टेबलावरच्या चहावर वर्तुळं उठतात. नवीन माणूस आठवडाभर दचकतो, मग त्याला ऐकू येईनासं होतं. हे साहेब पहिल्या दिवसापासून दचकले नाहीत, कारण त्यांच्या कीबोर्डचाच आवाज त्याहून मोठा होता. कीबोर्ड त्यांचा स्वतःचा. घरून आणलेला, जाडजूड, बटणांच्या खालून लाल-निळे दिवे लागणारा. गणपतीच्या मांडवात शोभला असता.

त्यावर ते एक्सेल चालवायचे. चालवायचे म्हणजे हाणायचे. कंट्रोल, शिफ्ट, आल्ट, बाण, आणि शेवटी एंटरवर असा दणका की शेजारचा पेनस्टँड सरकावा. हात कुठेही न थांबता फिरायचे आणि पडद्यावर रकाने निळे होत खाली धावायचे. आपण बघायला उभे असलो तर वेग जास्त. कुणी नसलं की मी काचेतून पाहिलंय, तेही एका बोटाने नाक खाजवत साध्या माणसासारखे बाण दाबत बसायचे.

"मॅडम, माऊसकडे हात गेला की दोन सेकंद वेस्ट," ते मला म्हणाले. "दिवसभराचे काढा. वर्षाचे काढा."

मी काढले नाहीत. त्या वाचलेल्या सेकंदांचं साहेब काय करतात ते मला दिसतच होतं. मीटिंग घ्यायचे. सकाळी एक, जेवणानंतर एक, आणि संध्याकाळी बस सुटायच्या ऐन वेळी एक छोटीशी, जिच्यापायी पौडच्या आम्हा बायकांना उभ्यानं जावं लागायचं. मीटिंगचा विषय, वेळ कसा वाचवावा.

गैरसमज नको. मला शॉर्टकट येतात. लग्नाआधी पिरंगुटला कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हाच शिकले होते. कॉपी, पेस्ट, अनडू, खालपर्यंत सगळं निवडायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-बाण. वापरते. स्वयंपाक करताना उचटणं हाताशी असतं तसे ते हाताशी असतात, आणि उचटण्याचा तक्ता करून मी भिंतीवर लावत नाही. साहेबांनी लावला. लॅमिनेट करून. ऑफिसात लावला, पॅन्ट्रीत लावला, आणि एके दिवशी बघते तर बायकांच्या संडासातही आरशाशेजारी लावलेला. तिथे साबण नव्हता. साबण मागून आम्ही थकलो होतो. पण हात ओले घेऊन उभ्या उभ्या कंट्रोल-पेजडाऊनने पुढच्या शीटवर कसं जायचं ते वाचता येत होतं. भरीला ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी ‘आजचा शॉर्टकट’, सूर्योदयाच्या चित्रावर छापलेला.

नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही गप्प बसलो. नऊ दिवस संपले आणि माऊसबंदी आली.

एका सोमवारी साहेब फरसाणाचं रिकामं खोकं घेऊन टेबलाटेबलावरून फिरले आणि सगळ्यांचे माऊस गोळा केले. अकाउंट्सच्या बाईंनी आपला जेवणाच्या डब्यात लपवला होता, तो साहेबांनी बाहेर काढला आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खोकं साहेबांच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. "पोहायला शिकवायचं तर पाण्यात ढकलावंच लागतं," असं त्यांनी सांगितलं. हा माणूस कासार आंबोलीला मित्राच्या वीकएंड बंगल्यात भाड्याने राहतो. तिथे पोहण्याचा तलाव आहे, आणि साहेब फक्त पाय बुडवून बसतात, हे मला त्यांच्याच स्टेटसवरून माहीत होतं.

मग त्यांनी परीक्षा जाहीर केली. दसऱ्याची सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी, शेठसमोर. शेठ म्हणजे आमचे मालक. एकेकाने पुढे यायचं, माऊसशिवाय ठरलेली कामं करून दाखवायची. जो नापास होईल तो पुढचे काही महिने शॉप फ्लोअरवर. "शिक्षा नाही ही," साहेब म्हणाले. "ग्राउंड रिॲलिटी कळेल."

हे ऐकून कुणीही मुद्दाम बघितलं नाही, तरी सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या.

मामा रिहे गावचे. वयाने शेठच्या बरोबरीचे, पण कारखान्यात सगळे त्यांना मामाच म्हणतात. पूर्वी ते प्रेसवर होते. तिथे त्यांच्या डाव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. त्यानंतर शेठनी त्यांना ऑफिसात खुर्ची दिली आणि तेव्हापासून ते गेटपास आणि मालाच्या नोंदी करतात, उजव्या हातात माऊस, उजव्याच हाताच्या एका बोटाने टायपिंग. गेटपासून ऑफिसकडे यायचा सरळ रस्ता प्रेस शॉपमधून जातो. मामा त्या रस्त्याने येत नाहीत. भंगाराच्या ढिगामागून, चिखल असो काही असो, लांबून वळसा घालून येतात. खुर्ची मिळाल्यापासून त्यांनी प्रेस शॉपच्या दारात पाऊल टाकलेलं नाही, हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. साहेबांना ठाऊक नव्हतं, कारण ते मीटिंगमध्ये येण्यासारखं नव्हतं.

मामा म्हणजे काही देवमाणूस नव्हे, हेही सांगते. सगळ्यांच्या घरच्या बातम्या त्यांना हव्यात. माझा डबा उघडला की आत काय आहे ते त्यांना माझ्या आधी दिसतं. जेवणानंतर खुर्चीतच डोळा लागतो. नोंद चुकली की "कॉम्पुटरनं खाल्ली" म्हणतात, आणि तंबाखूची पुडी कीबोर्डखाली ठेवतात. मी त्यांच्यावर दिवसातून एकदा तरी चिडते. पण माणूस आळशी आहे म्हणून त्याला परत त्याच मशीनपुढे उभं करावं, हा कुठला न्याय?

मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, मामांना यातून वगळा.

"मॅडम, एकाला सूट दिली की डिसिप्लिन गेलं," साहेब पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. मग थांबले, माझ्याकडे वळले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, त्यात काय! स्टिकी कीज ऑन करून द्या ना त्यांना. फीचर आहेच. कंट्रोल एकदा दाबायचा, सोडून द्यायचा, तो दाबलेलाच राहतो. मग दुसरं बटण. एका हाताने सगळं होतं. सिम्पल."

मला राग आला, कारण ते बरोबर होतं. या माणसाच्या तोंडून कामाची गोष्ट निघावी आणि ती मला आधी सुचू नये, हे मला जेवण होईपर्यंत टोचत राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत मी मामांच्या शेजारी खुर्ची ओढली. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते चालू केलं, आणि दाखवलं. कंट्रोल दाबला, बोट उचललं. मग सी दाबला. कॉपी झालं.

मामा वाकून बघत होते. "म्हंजी एकदा दाबलं की बटन आपलं आपुन दाबलेलं ऱ्हातंय?"

"हो. धरून ठेवायला नको. दुसरं नुसतं दाबायचं."

मामांनी डावा हात टेबलावरून काढून मांडीवर घेतला आणि त्यावर उजवा ठेवला.

"नको," ते म्हणाले. "बंद करा ते."

"अहो मामा, किती सोपं आहे."

"तवाबी सोपंच हुतं."

त्यांनीच सांगितलं, पलीकडे प्रेस चालू होता म्हणून जरा मोठ्यानं, आणि माझ्याकडे न बघता.

"प्रेसला दोन बटनं असत्यात ताई. एक हितं, एक तितं. दोनी हातानी दोनी दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हंजी हात बटनावर ऱ्हात्यात, आत जात न्हाईत. त्या टायमाला माल लई मागत हुते. मंग डावं बटन तारंनं बांदून टाकलं. दाबलेलंच. डाव्या हातानं पत्रा सारायचा, उजव्यानं एकच बटन दाबायचं. काम पळाय लागलं. समदेच तसं करायचे. शेठ राउंडला यायचे, तार बघायचे, म्हनायचे, शाब्बास, आज लई माल निगाला."

"मग?"

"मंग काय. डावा आत हुता आन उजव्यानं दाबलं. माजाच हात, माजंच बटन. कुनाला बोलनार?"

मी स्टिकी कीज बंद केलं. त्यासाठी मला दोनदा प्रयत्न करावा लागला. मला वाईट वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त मला शेठचा संताप आला. दर दिवाळीला हा माणूस मामांच्या खांद्यावर हात ठेवून मिठाईचा पुडा देतो, सगळ्यांसमोर "हा माझ्या घरचा आहे" म्हणतो, आणि त्या वेळी त्याची नजर मामांच्या टोपीवर असते. त्या हातावर कधीच नसते. इतकी वर्षं मी ते बघत आले होते आणि मला वाटायचं की शेठना बघवत नसेल. कनवाळू आहेत, असं मी घरी अब्बांना सांगितलंसुद्धा होतं.

साहेबांना जाऊन सांगितलं की मामा ते फीचर वापरणार नाहीत. कारण सांगितलं नाही, ते माझं सांगायचं नव्हतं. साहेब म्हणाले, "मग तो त्यांचा चॉइस आहे."

तेव्हा मी मामांना शिकवायला बसले. दयेनं नव्हे, रागानं. आता हा माणूस पास झालाच पाहिजे, शेंडी तुटो वा पारंबी तुटो. मामांनाही तसंच काहीतरी वाटलं असावं. कारण जेवणानंतरची झोप त्यांनी बंद केली. याआधी ती खुद्द शेठ आले तरी मोडली नव्हती.

शिकवणं सोपं नव्हतं. कंट्रोल करंगळीनं, आल्ट अंगठ्यानं, हे लवकर जमलं. पण कंट्रोल आणि शिफ्ट दोन्ही एकदम धरायचे म्हणजे करंगळी आडवी पाडून दोघांवर दाबून ठेवावी लागे. तशी ती पाडली की बोटांचे खुंट मधल्या बटणांना लागायचे. खुंटाला काही लागलं की मामांना खांद्यापर्यंत करंट गेल्यासारखं व्हायचं. ते "आयला" म्हणून हात झटकायचे, आणि सगळी निवड जाऊन परत पहिल्यापासून. शिवाय सी आणि व्ही ही अक्षरं डाव्या बाजूला, म्हणजे उजव्या हाताला डाव्यावरून ओलांडून जावं लागे. कीबोर्ड ज्यानं कुणी मांडला त्याच्या घरी सगळ्यांना दहा बोटं असणार. मी ओरडायचे, मामा माझ्यावर ओरडायचे, "तुमचा हात द्या मंग" म्हणायचे. मध्येच माझ्या डब्यातलं काहीतरी उचलून खायचे. एकदा रकाना खालपर्यंत निळा झाला तेव्हा त्यांनी अकाउंट्सच्या बाईंना हाक मारून बोलावलं. त्या येईपर्यंत खुंट लागून सगळं गेलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशिनांची पूजा असते. सगळे प्रेस बंद, धुऊनपुसून हार घातलेले, आणि कारखाना इतका शांत की स्वतःच्या चपलांचा आवाज येतो. रांगोळी दरवर्षी माझ्याकडे असते, कारण माझा हात बरा आहे आणि बाकीच्यांना वाकवत नाही. ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा म्हणजे पडद्याच्या कडेला कुंकवाचं एक बोट आणि वर एक झेंडूचं फूल, इतपत. पण साहेबांनी आपला दिव्यांचा कीबोर्ड पाटावर मांडला. हे आपलं शस्त्र, म्हणाले. त्याच्यासमोर नारळ ठेवला. ओलं कुंकू, हळद, अक्षता, सगळं सढळ हातानं, बटणाबटणावर, आणि फोटो निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. मी रांगोळी भरत बघत होते. एवढं ओलं टाकू नका म्हणावं असं क्षणभर वाटलं होतं. म्हटलं नाही. शहाण्याला कोण सांगणार? आमच्या कापडाच्या दुकानात अब्बा नव्या मापाच्या पट्टीला फूल वाहतात, पण पट्टी भिजवत नाहीत.

दसऱ्याची सुट्टी झाली आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

मोठ्या टेबलाभोवती आम्ही सगळे बसलो. भिंतीवरच्या टीव्हीला साहेबांचा लॅपटॉप जोडलेला, त्याला तो कीबोर्ड. शेठ मधल्या खुर्चीत, पुढे चहा-बिस्किटं. मामा धुतलेला सदरा घालून आले होते. डावा हात टेबलाखाली. प्रेस चालू होते, चहावर वर्तुळं उठत होती.

"आधी मी डेमो देतो," साहेब म्हणाले. "म्हणजे स्टँडर्ड कळेल."

त्यांनी सरावाची नव्हे, त्या आठवड्याच्या डिस्पॅचची खरी शीट उघडली. माझी शीट. मी तोंड उघडलं तोवर हात धावले होते. कंट्रोल-शिफ्ट-बाण, आणि पूर्ण रकाना निळा. शेठ "वा" म्हणाले. साहेबांना तिथे नऊशे टाकायचे होते. त्यांनी नऊ दाबला.

शीट नाहीशी झाली.

म्हणजे रकान्यातल्या सगळ्या ओळीच दिसेनाशा झाल्या. कंट्रोल दाबून नऊ दाबला की निवडलेल्या ओळी लपतात, हे साहेबांच्याच तक्त्यावर संडासात लिहिलेलं होतं. पण साहेबांचं बोट कंट्रोलवर नव्हतं. ते त्यांना कळायच्या आत शून्य दाबून झालं होतं, आणि तो रकानाही गेला. त्यांनी बाण दाबले, तर चौकट शीटच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे काहीच नसतं तिथे जाऊन बसली. काहीतरी टाइप करायला गेले तर छपाईची खिडकी उघडली. ती बंद केली तर दुसरी उघडली. वेगाची सवय झालेले हात थांबेनात, जितकं बिघडेल तितकं जोरात हाणू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी आयुष्यात एवढं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. मनातून मला जी काही मजा येत होती ती सांगायला लाज वाटत नाही.

"हात काडा!"

मामा उठून उभे होते. खुर्ची मागे पडली होती. "हात काडा सायेब! बटन अडाकलंय, आदी हात काडा!"

ती आरोळी ऑफिसातली नव्हती. शॉप फ्लोअरवरची होती, मशीनच्या आवाजावरून पलीकडे पोचवायची असते तशी. साहेबांनी भाजल्यासारखे हात उचलले. कुणी हसलं नाही. मामांचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात पुढे आलेले होते, तीन बोटं नसलेला हातही, सगळ्यांच्या मध्ये, टेबलावर. मी शेठकडे बघितलं. शेठ बिस्किटांकडे बघत होते.

मी उठले, डोक्याची पिन काढली आणि कंट्रोलच्या बटणाखालून कुंकवात वाळून घट्ट झालेला अक्षतेचा दाणा उकरला. बटण टक्कन वर आलं. शीट सेव्ह न करता बंद केली, परत उघडली, सगळं जागेवर होतं. साहेब म्हणत होते की हा हार्डवेअर इश्यू आहे. ते खरंच होतं. कुणी ऐकत नव्हतं.

शेठ घाईघाईने उठले. "चला, झालं ते पुष्कळ झालं. परीक्षा-बिरीक्षा काही नको. ज्याचे त्याचे माऊस देऊन टाका. कामं करा आपापली." साहेब किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. मला वाटलं, झालं, मामा वाचले.

"माजी ऱ्हायली," मामा म्हणाले.

"काय राहिली?" शेठ दाराशी थांबले.

"परीक्षा."

"अरे, तुला कशाला परीक्षा? तुला कोण हलवतंय? तुला आम्ही ठेवलंय ना." शेठ हसले. दिवाळीला हसतात तसंच.

"ठेवलंय म्हंजी काय शेठ?" मामांनी पडलेली खुर्ची उचलली. आवाज चढला नव्हता, पण विनंतीचाही नव्हता. "आज तुमी ठेवलं. उद्या ह्ये सायेब न्हाईतर दुसरं कुनी काडनार. मला प्रेसवर जायाचं न्हाई. खुर्ची माजी हाय का तुमी दिलेली हाय, त्ये एकदा बगू. बसा."

शेठना कुणी बसा म्हणत नाही. ते बसले.

मामा साहेबांच्या जागी बसले. दिव्यांचा कीबोर्ड बाजूला सारून त्यांनी आपला साधा आणून लावला. तंबाखूची पुडी त्याला चिकटून आली होती, ती खिशात घातली. मला म्हणाले, "ताई, सांगा."

मी पहिलं काम सांगितलं. वरपासून खालपर्यंत मालाचा रकाना निवडायचा, कॉपी करायचा, शेजारी ठेवायचा. मामांनी डावा हात उचलून कीबोर्डवर मांडला. करंगळी आडवी पाडली. पहिल्यांदा खुंट लागला, त्यांनी दात आवळले, सगळं गेलं. परत मांडला. हात टीव्हीच्या उजेडात होता. शिवलेल्या जागा, एक खुंट दुसऱ्यापेक्षा आखूड, कातडी चकचकीत. मी त्यांच्याशेजारी इतके दिवस बसले होते, तरी इतक्या सावकाशीने मीही तो पाहिला नव्हता.

शेठनी फोन काढला. मग तो खाली ठेवून खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नाही. पत्रे आहेत आणि त्यामागे डोंगर.

मामा थांबले. करंगळी उचलली नाही, कंट्रोल आणि शिफ्ट दाबलेलेच ठेवले, उजवं बोट बाणावर होतं ते तिथेच राहिलं. किती दुखत असेल ते मला ठाऊक होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं की दाबा आता.

"शेठ," मामा म्हणाले, "हिकडं बगा. परीक्षा हिकडं चालू हाय."

शेठनी मान वळवली. आधी टीव्हीकडे बघितलं.

"तिकडं न्हाई. हातावर."

साहेब खिशात हात घालून तसेच उभे होते. शेठची नजर टीव्हीवरून खाली आली, टेबलावरून सरकली आणि हातापाशी पोचली. ती तिथून निघू बघत होती, मला दिसत होतं. मामा तिला जाऊ देत नव्हते. मला आनंद झाला, आणि तो चांगल्या माणसाला होतो तसला आनंद नव्हता.

मग मामांनी बाण दाबला. रकाना खालपर्यंत निळा झाला. उजवा हात डाव्यावरून ओलांडून सी-वर गेला, परत आला.

"ठीक आहे, ठीक आहे," शेठ म्हणाले. "पास आहेस. झालं."

"न्हाई झालं," मामा म्हणाले. "अजून बाकी हाय. बगत ऱ्हावा."

मी पुढचं काम सांगितलं. मामांनी हात पुन्हा मांडला, आणि शेठ बघत राहिले.